वारशाने आलेला स्कॅनर

रेडिओ स्कॅनर हा फक्त ऐकणारा संच असतो. त्यावरून बोलता येत नाही. घरातल्या रेडिओवर आपण एक स्टेशन लावतो आणि तिथेच थांबतो. स्कॅनर आपण ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवरून एकामागून एक फिरत राहतो, जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतो आणि बोलणं संपलं की पुढे सरकतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत हे संच घरोघरी पोहोचले. सुरुवातीला प्रत्येक चॅनेलसाठी वेगळा क्रिस्टल बसवावा लागे. पुढे कॅल्क्युलेटरसारखे आकडे दाबून फ्रिक्वेन्सी देता येऊ लागली. बेअरकॅट, युनिडेन, रिअॅलिस्टिक ही त्यातली गाजलेली नावं.

लातूर किंवा नांदेडच्या घरात असा संच दुकानातून येत नाही. अमेरिकेत नोकरी करून परतलेले मामा, जहाजावर काम केलेले काका, रेडिओचा नाद असलेले शेजारचे निवृत्त गुरुजी अशा कुणाच्या तरी सामानातून तो पुढच्या पिढीकडे येतो. सोबत पुस्तिका नसते. जुन्या बॅटऱ्या आतच फुटलेल्या असतात. घेणाऱ्याला उत्सुकता खूप असते, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. हे प्रकरण त्याच्यासाठी आहे. मराठवाड्यात राहून असा संच हाती आला तर त्याचं काय करावं, काय करू नये आणि या छंदाची वाट शेवटी कुठे पोहोचावी, ते इथे पाहू.

आधी कायदा

अमेरिकेत स्कॅनरवर पोलीस आणि अग्निशामक दलाचं बोलणं ऐकणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा छंद आहे. इंटरनेटवरची बहुतेक माहिती तिथल्या लोकांनी लिहिलेली असल्यामुळे आपल्या मुलांचा समज होतो की जगभर असंच चालतं. तसं नाही. ब्रिटनमध्येही आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकणं गुन्हा आहे आणि भारतातला कायदा अधिक कडक आहे.

आपल्याकडे १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी तार कायदा अनेक दशकं लागू होते. घरच्या साध्या रेडिओलाही पोस्टातून परवाना काढावा लागे, हे आजी-आजोबांच्या पिढीला आठवत असेल. १९८०च्या दशकात तो परवाना गेला, पण ती सूट प्रसारण ऐकण्याच्या रेडिओपुरती होती. आता २०२३चा दूरसंचार कायदा आला आहे. रेडिओ उपकरण जवळ बाळगायचं असेल तर अधिकृत परवानगी हवी, असं तो सांगतो. दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येच पकडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

म्हणून पोलिसांची बिनतारी यंत्रणा, रेल्वेच्या गार्ड-ड्रायव्हरचं बोलणं, नांदेडच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचा संवाद, रुग्णवाहिका यांपैकी काहीही आपल्यासाठी नाही. कायद्याची भीती हे त्याचं एक कारण झालं, त्याहून मोठं कारण माणुसकीचं आहे. अपघाताच्या जागेवरून बोलणारा शिपाई एखाद्या मृताचं नाव सांगत असतो. घरच्यांना कळण्याआधी ते नाव तिसऱ्याच माणसाच्या कानावर पडणं योग्य नाही.

मग हाती आलेल्या संचाचं करायचं काय? सरळ मार्ग हौशी रेडिओचा आहे. जगभर ‘हॅम’ म्हणून ओळखला जाणारा हा छंद भारतात परवान्याने करता येतो आणि परवानाधारकाला आपल्या केंद्रावर रेडिओ उपकरणं ठेवता येतात. परवाना मिळेपर्यंत तो संच एखाद्या परवानाधारक हॅमकडे सुपूर्द करावा आणि त्याच्या केंद्रावर बसून ऐकायला शिकावं. दरम्यान घरातल्या साध्या रेडिओवर जो सराव करता येतो, तो पुढे फार उपयोगी पडतो.

घरच्या रेडिओवरचे पहिले धडे

मध्यम लहरी म्हणजे मीडियम वेव्ह पकडणारा एक ट्रान्झिस्टर घ्या आणि परभणी आकाशवाणीची १३०५ किलोहर्ट्झची लहर लावा. परभणी नांदेडहून सरळ रेषेत साठेक किलोमीटर आहे, लातूरहून शंभरेक. आवाज स्थिर झाला की ट्रान्झिस्टर जमिनीला समांतर ठेवून हळूहळू फिरवा. एका दिशेला आवाज अगदी क्षीण होईल. असं का होतं? मध्यम लहरींसाठी संचाच्या आत फेराइटची एक काळी कांडी असते आणि तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. कांडीचं टोक स्टेशनकडे वळलं की तिला लहर जवळजवळ मिळतच नाही. म्हणजे आवाज सर्वांत क्षीण असताना कांडी ज्या रेषेत असते, त्या रेषेत परभणी आहे.

आता नांदेडच्या मुलीने आपल्या गच्चीवरून ही रेषा नकाशावर आखली तर ती पश्चिमेकडे जाईल. लातूरच्या मुलाने आखली तर जवळजवळ उत्तरेकडे. दोन्ही रेषा जिथे छेदतात, तिथे प्रसारण केंद्र. रेडिओच्या दिशेवरून ठिकाण शोधण्याची ही मूळ रीत आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची केंद्रं याच रीतीने हुडकली जात. दोन शहरांतल्या दोन शाळांनी मिळून एका दुपारी करावा असा हा प्रयोग आहे.

दुसरा धडा रात्रीचा. दिवसा मध्यम लहरींवर जवळचीच स्टेशनं लागतात. सूर्य मावळला की हैदराबाद, मुंबई आणि त्याहून लांबची स्टेशनं वर येऊ लागतात. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक विद्युतभारित थर सूर्यप्रकाशामुळे तयार होतो आणि तो मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री हा थर विरतो. मग लहरी त्याच्या वरच्या थरापर्यंत पोहोचतात आणि तिथून वळून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. एका संध्याकाळी सहापासून नऊपर्यंत दर अर्ध्या तासाने कोणती स्टेशनं लागली ते लिहून ठेवलं, तर आकाशातला हा बदल आपल्याच वहीत दिसतो.

तिसरा धडा विजेचा. वळवाच्या दिवसांत ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर लावून ठेवला की क्षितिजापलीकडच्या विजेचा कडकडाट खरखरीच्या रूपाने ऐकू येतो. वादळ जवळ येतं तसतशी खरखर दाट होते. वीज ही स्वतःच एक प्रचंड रेडिओ प्रक्षेपक आहे. पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था विजेच्या याच रेडिओ लहरी वेगवेगळ्या ठिकाणच्या संवेदकांनी पकडून वीज कुठे पडली ते काढते, आणि तिचं ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप शेतकऱ्याला त्यावरून इशारा देतं. मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. खरखर दाट होऊ लागली की रेडिओ बंद करायचा, बाहेरच्या अँटेनाची तार काढायची आणि घरात जायचं. गच्चीवरची अँटेना वादळात हाताळणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

जुना संच स्वच्छ करताना

परवाना हाती आल्यावर किंवा परवानाधारकाच्या देखरेखीखाली स्कॅनर उघडायची वेळ येते. सर्वांत आधी अडॅप्टर पाहावा. अमेरिकेतून आलेल्या संचाचा अडॅप्टर बहुधा १२० व्होल्टचा असतो. आपल्या भिंतीतल्या २३० व्होल्टवर तो लावला तर जळतो आणि कधी संचालाही घेऊन जातो. संचाच्या मागच्या पट्टीवर किती व्होल्ट हवेत आणि पिनच्या मधल्या भागात धन टोक हवं की ऋण, याची खूण असते. ती वाचूनच नवा अडॅप्टर घ्यावा, कारण उलट टोकं जोडली तर जुने संच क्षणात निकामी होतात.

बॅटरीच्या कप्प्यात पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर ती बॅटरीतून झिरपलेल्या अल्कलीची असते. हातमोजे घालावेत, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पूड विरघळवावी, मग स्पिरिटने पुसून कप्पा पूर्ण वाळू द्यावा. जुन्या रिचार्जेबल बॅटऱ्यांत कॅडमियम असतं. ते विषारी असल्यामुळे त्या घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्याव्यात. संचात चार्जिंगची सोय असेल तर साध्या सेलवर ती कधीही वापरू नये.

मग संचाच्या स्मरणातले आधीच्या मालकाचे सगळे चॅनेल पुसावेत. ते त्याच्या गावचे असतात, इथे त्यांचा काही उपयोग नाही. अनेक अमेरिकी संचांवर हवामानाचं वेगळं बटण असतं. ते १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या तिथल्या हवामान प्रसारणासाठी आहे. इथे ते दाबून नुसती खरखर ऐकू येईल आणि संच बिघडल्याचा गैरसमज होईल. दोन मीटरच्या हौशी पट्ट्यातही फरक आहे. अमेरिकेत तो १४४ ते १४८ मेगाहर्ट्झ आहे, भारतात १४४ ते १४६.

नवशिक्याला सर्वांत जास्त सतावणारं बटण स्क्वेल्चचं. कुणी बोलत नसताना येणारी खरखर ते अडवतं. शेताच्या बांधासारखं त्याचं काम चालतं. बांध फार खाली असेल तर सगळं पाणी आत येतं आणि फार उंच असेल तर हवं असलेलं पाणीही बाहेर राहतं. हे बटण फिरवत खरखर नुकती थांबेल तिथे आणावं आणि त्यापुढे केसभरच सरकवावं. संच काहीच पकडत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी हे बटण पाहावं. चालू चॅनेलवर थांबण्याचं आणि नको असलेला चॅनेल वगळण्याचं अशी आणखी दोन बटणं शिकली की संच हाताळता येतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुने संच ध्वनी जसाच्या तसा पाठवणारे संदेशच ऐकू शकतात. डिजिटल संदेशांवर त्यांना फक्त गुरगुर ऐकू येते.

उंचीचा हिशेब

दोन मीटरच्या पट्ट्यातल्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे त्यांना क्षितिज असतं, आणि ते क्षितिज अँटेनाच्या उंचीवर ठरतं. अँटेना जमिनीपासून किती मीटर उंच आहे त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ने गुणायचं, की किलोमीटरमध्ये अंतर मिळतं. दुमजली घराच्या गच्चीवर ९ मीटर उंचीवर अँटेना असेल तर क्षितिज बारा किलोमीटरच्या थोडं पुढे. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही तेवढ्याच उंचीवर असतील तर दोघांची क्षितिजं मिळून पंचवीसेक किलोमीटर. लातूरहून औसा या हिशेबात बसतं. लातूर-नांदेड सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटर आहे, ते बसत नाही. म्हणूनच हॅम मंडळी उंच टेकडीवर किंवा इमारतीवर रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच पुन्हा प्रसारित करतो.

या पट्ट्यासाठी अँटेना घरी करता येते. १४५ मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरपेक्षा थोडी लांब असते. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर लांबीची तांब्याची जाड तार सरळ उभी करायची. तिच्या बुडाशी तेवढ्याच लांबीच्या चार तारा चार दिशांना थोड्या खाली झुकवून बसवायच्या. उभी तार कोॲक्शियल केबलच्या मधल्या तारेला जोडायची आणि चार तारा केबलच्या बाहेरच्या जाळीला. संचासोबत आलेल्या रबरी अँटेनापेक्षा ही कितीतरी जास्त ऐकवते. खर्च करायचाच असेल तर नव्या संचाआधी चांगल्या अँटेनावर आणि चांगल्या केबलवर करावा.

लातूर-नांदेडमध्ये थेट बोलायचं असेल तर दुसरा पट्टा आहे, ७ मेगाहर्ट्झचा. दिवसा या लहरी जवळजवळ सरळ वर पाठवल्या तर आकाशातल्या थरावरून परतून दोन-तीनशे किलोमीटरच्या परिघात उतरतात. त्यासाठी उंच मनोराही लागत नाही. एकूण वीस मीटर लांबीची तार मध्ये केबल जोडून दोन झाडांमध्ये पाच-सहा मीटर उंचीवर ताणली तरी काम होतं. हा पट्टा बहुतेक स्कॅनरांत नसतो. त्यासाठी लघुलहरींचा, सिंगल साइडबँड (एसएसबी) ऐकू शकणारा संच लागतो.

या पट्ट्याचा आपल्या इतिहासाशीही संबंध आहे. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला, तो ४२.३४ मीटर लहरीवर. हिशेब केला तर ती फ्रिक्वेन्सी ७.०८ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आज हॅम मंडळी ज्या पट्ट्यात बोलतात त्याच पट्ट्यातली. पोलिसांना चुकवण्यासाठी हे केंद्र सतत जागा बदलत राहिलं आणि नोव्हेंबरमध्ये पकडलं जाईपर्यंत देशाला बातम्या देत राहिलं. मराठवाड्यातही रेडिओ ऐकण्याला असंच मोल आलं होतं. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शरणागतीची घोषणा हैदराबादच्या रेडिओवरूनच केली.

आकाशातून येणारा आवाज

नवशिक्याच्या कानाला पहिला खरा आनंद देणारी गोष्ट म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. उंचीमुळे त्याचं क्षितिज सव्वादोन हजार किलोमीटर पसरलेलं असतं. म्हणजे स्थानक श्रीलंकेवर किंवा हिमालयावर असतानाही लातूरच्या गच्चीवरून ते क्षितिजाच्या वर असतं. त्यावर हौशी रेडिओचं केंद्र आहे, एनए१एसएस या नावाचं. अंतराळवीर पृथ्वीवरच्या शाळांशी बोलतात तेव्हा त्यांचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर उतरतो. जुलै २०२५मध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावरून हॅम रेडिओद्वारे भारतातल्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला. कधी कधी याच फ्रिक्वेन्सीवर आवाजाच्या रूपात चित्रं पाठवली जातात आणि मोबाइलमधलं अॅप त्या आवाजाचं चित्र करतं.

स्थानक डोक्यावरून जाताना दहाएक मिनिटं मिळतात. ते आपल्याकडे येत असताना फ्रिक्वेन्सी सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकलेली असते आणि दूर जाताना तेवढीच खाली. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिटी उंच वाटते आणि गेल्यावर खाली येते, ते ज्या डॉप्लर परिणामामुळे, त्याचाच हा आविष्कार. पाठ्यपुस्तकातली ती व्याख्या इथे कानाने मोजता येते.

भारताने हौशी रेडिओसाठी स्वतःचा उपग्रहही पाठवला होता. ५ मे २००५ला पीएसएलव्हीने कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट अवकाशात नेला. साडेबेचाळीस किलोचा हा छोटा उपग्रह २०१४पर्यंत जगभरच्या हॅम मंडळींची बोलणी एकमेकांपर्यंत पोहोचवत राहिला. जुन्या पुस्तकांत आणखी एक उद्योग सांगितलेला असतो, अमेरिकेच्या नोआ उपग्रहांकडून १३७ मेगाहर्ट्झवर ढगांची चित्रं घेण्याचा. ते उपग्रह २०२५मध्ये बंद झाले, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. रशियाचे मेटिऑर उपग्रह अजून चित्रं पाठवतात, पण डिजिटल रूपात. ती घ्यायला जुना स्कॅनर पुरत नाही. संगणकाला जोडायचा टीव्ही ट्यूनर वापरून केलेला स्वस्त सॉफ्टवेअर रिसीव्हर लागतो. हाही रेडिओ उपकरणच आहे, म्हणून तोही परवान्याच्या चौकटीतच.

वही आणि कान

चांगल्या ऐकणाऱ्याची ओळख त्याच्या वहीवरून होते. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कोण बोललं, आवाज किती स्पष्ट होता, हवा कशी होती, एवढं प्रत्येक वेळी लिहावं. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची सवय लावावी. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. प्रसारण केंद्राला असा नोंदवलेला अहवाल पाठवला तर अनेक केंद्रं सुंदर कार्ड पाठवून पोच देतात. आकाशवाणीनेही अशी कार्डं पाठवलेली आहेत.

मग बोलण्याची रीत ऐकून शिकावी. हॅम आधी दुसऱ्याचं बोलणं संपू देतो, क्षणभर थांबतो आणि मगच बोलतो. त्या क्षणभरात एखाद्याला तातडीचं काही सांगायचं असेल तर जागा मिळते. इंग्रजी अक्षरं तो अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी उच्चारतो आणि आकडे सुटे सांगतो. मराठीत हे फार महत्त्वाचं आहे. खरखरीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सहज एकमेकांसारखे ऐकू येतात, तर ‘पाच नऊ’ आणि ‘सहा नऊ’ येत नाहीत. गावाचं नाव सांगताना तालुका आणि जिल्हाही सांगावा, कारण पिंपळगाव आणि वडगाव मराठवाड्यात कितीतरी आहेत. मदतीचा ट्रक चुकीच्या वडगावला गेला तर त्यात दिवस जातो.

किल्लारीने शिकवलेलं

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातल्या किल्लारीच्या परिसरात ६.२ ते ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरची मातीची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं पूर्ण उद्‌ध्वस्त झाली, सुमारे आठ हजार माणसं गेली. मुंबईत हादरा जाणवला तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांना भूकंप कोयना परिसरात झाला असावा, अशी पहिल्यांदा शंका आली, असं त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे. आपत्तीचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की ती नेमकी कुठे झाली आणि तिथे काय हवं आहे. त्याचं उत्तर मिळायला तिथे कुणीतरी बोलणारा आणि दुसरीकडे कुणीतरी ऐकणारा लागतो.

त्या काळात मोबाइल नव्हते आणि गावांत टेलिफोन मोजकेच. किल्लारीनंतर देशातले हॅम रेडिओचालक या भागात आपले संच घेऊन संपर्काच्या कामात उतरले. २००१च्या भूज भूकंपातही ते होते. २००४च्या डिसेंबरमध्ये हॅम भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरहून त्यांच्या केंद्राने मुख्य भूमीशी संपर्क ठेवला आणि बेटांवरच्या माणसांची खबर घरच्यांपर्यंत पोहोचवली. तो छंद म्हणून उभारलेला संच होता. ऐनवेळी तो चालवता आला, कारण वर्षानुवर्षांचा सराव होता.

आज खिशात मोबाइल आहे म्हणून ही गरज संपली, असं मानता येत नाही. मोबाइलच्या मनोऱ्याला वीज लागते आणि केबल लागते. पुरात आणि भूकंपात दोन्ही आधी जातात. २०२५च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातली रावणगाव, हसनाळ ही गावं एका रात्रीच्या पावसात पाण्याने वेढली गेली आणि बचावासाठी लष्कर बोलवावं लागलं. अशा वेळी गाडीच्या बॅटरीवर चालणारा संच आणि वीस मीटर तार असलेला माणूस तालुक्याच्या ठिकाणी असेल, तर गाव नकाशावरून हरवत नाही.

परवान्याची वाट

परीक्षा दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा घेते. अर्ज सरल संचार या सरकारी पोर्टलवरून होतो. वयाची किमान अट १२ वर्षं आहे, म्हणजे सातवीतली मुलगीही बसू शकते. दोन श्रेणी आहेत. रेस्ट्रिक्टेड श्रेणीला मूलभूत इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम यांचा अभ्यास लागतो, मोर्स संकेतलिपी लागत नाही. जनरल श्रेणीला त्याशिवाय मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स पाठवता आणि घेता यावा लागतो. पहिल्या श्रेणीत ५० वॉटपर्यंत शक्ती वापरता येते, दुसऱ्या श्रेणीत ४०० वॉटपर्यंत. परवान्याआधी पोलीस चौकशी होते. ती होऊ द्यावी, घाबरायचं काही नाही. मग व्हीयू३ किंवा व्हीयू२ने सुरू होणारं स्वतःचं नाव मिळतं आणि ते जगभर ओळखलं जातं.

मराठवाड्याच्या मुलांना परीक्षेसाठी हैदराबाद, नागपूर किंवा मुंबई गाठावी लागते. हैदराबाद सर्वांत सोयीचं आहे आणि तिथे १९८३पासून राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थाही आहे. प्रवासाचा आणि अभ्यासाचा भार एकट्यावर पडू नये म्हणून शाळेने किंवा महाविद्यालयाने पाच-सात जणांचा गट करावा. सर्किट, तरंग, डॉप्लर, आयनमंडल हे सारं अभ्यासक्रमात आहेच, गटात ते हाताने शिकता येतं.

नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि लातूर जिल्ह्यात दहा. प्रत्येक तालुक्यात एक परवानाधारक, एक संच आणि आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी एकमेकांची हाक ऐकण्याचा सराव, एवढं उभं राहिलं तर पुढच्या आपत्तीत या दोन जिल्ह्यांतलं कुठलंही गाव मुकं राहणार नाही. सव्वीस माणसं लागतात. त्यातलं एक होण्यासाठी वारशाने आलेला जुना स्कॅनर हे पुरेसं निमित्त आहे. ऐकण्याची शिस्त त्याच्यावर लागते आणि बोलण्याचा अधिकार परीक्षा देऊन मिळतो. सरल संचारवर अर्ज भरा, सोबत आणखी दोघांना भरायला लावा आणि आज रात्रीपासून वही सुरू करा.